मागच्या सीटवरचं पोतं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. विहारात डोळे मिटून बसतो तेव्हा स्वतःलाही धड सांगत नाही — अर्ध्यावर आलो की मुद्दाम दुसरंच काहीतरी आठवत बसतो. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

गोंदियात माझं गाड्यांच्या इलेक्ट्रिक कामाचं दुकान आहे. वायरिंग, सेल्फ, एसी, असली कामं. आमच्याकडे पहिली हायब्रिड गाडी आली ती एका राइस मिलवाल्या शेठजींची. पेट्रोलचं इंजन, आणि त्याच्या जोडीला मागच्या सीटच्या पाठीमागे एक मोठी बॅटरी. बाकीचे मिस्त्री बॉनेट उघडून नुसतेच बघायचे. मी नागपूरला जाऊन चार गोष्टी शिकून आलो आणि लोक मला ‘हायब्रिडवाले’ म्हणू लागले. खोटं कशाला बोलू? मला ते फार आवडायचं. ज्ञान एवढंसं आणि तोरा केवढा!

या गाड्या जुन्या झाल्या की त्यांची दुखणी ठरलेली असतात. बॅटरीला गार हवा लागते. ती मागच्या सीटच्या बाजूला असलेल्या एका जाळीतून आत जाते, जाळीच्या मागे छोटा पंखा असतो. पंखा धुळीनं बुजला की बॅटरी तापते, तापली की आतला एखादा सेल मरतो, मग हळूहळू बाकीचेही. समोर पिवळा दिवा लागतो. नवी बॅटरी टाकायची तर तेवढ्या पैशात एखादी बरी जुनी गाडी येते. शेठजींची गाडी कायम मिलच्या आवारात उभी, आणि तिथे तर हवेतच कोंडा. दिवा लागला. मी तपासलं, बॅटरी जवळजवळ संपली होती. शेठजी म्हणाले, “इसमें अब पैसा नहीं डालना भाई. किसी को निकाल दो.”

मी काढली. कोणाला काढली? — इथेच माझं गाडं अडतं.

भाऊराव काका सौंदडचे, माझ्या वडिलांचे मित्र, पोस्टातून रिटायर झालेले. काकूंच्या हृदयाची झडप खराब होती. तपासणीला नागपूरला न्यावं लागायचं आणि एसटीचे धक्के त्यांना सोसत नव्हते. मी दोघांना त्या गाडीत बसवून फिरवलं. सौंदडच्या रेल्वे फाटकावर गाडी थांबली तसं इंजन आपोआप बंद झालं — या गाड्यांचं तसंच असतं, निघताना ती मोठी बॅटरीच इंजन पुन्हा सुरू करते. काकू हसल्या. “माय वो! चालू आहे का बंद, समजतच नाई.” काका माझ्याकडे वळले. “तू सांगून राहिला त घेतो गा. मले का समजते त्यातलं?”

आणि तो पिवळा दिवा? तो मी त्याच सकाळी घालवला होता. पुढच्या साध्या बॅटरीची तार थोडा वेळ काढून ठेवली की तो विझतो. दुखणं तसंच राहतं, दिवा तेवढा जातो, काही दिवसांनी परत येतो. तसा तो आला. काकांचा मुलगा मिलिंद गाडी चालवायचा. दिवा लागला की तो बिचारा गोंदियाला दुकानावर यायचा. मी तार काढायचो, लावायचो, ‘सेन्सरचं आहे, घाबरू नको’ म्हणायचो. वरून चहाही पाजायचो. निदान सीट काढून तो पंखा तरी साफ करायचा! तेवढंही केलं नाही. कमिशन तर कधीच खाऊन झालं होतं. पण आता कोणत्या तोंडानं सांगणार होतो, की हायब्रिडवाल्यानं मेलेली बॅटरी गळ्यात मारली?

धान निघालं, नवे तांदूळ घरी आले. आमच्याकडे नवे तांदूळ आधी लेकीकडे पोचवतात, मग बाकीचं. मिलिंदची बहीण नागपूरला दिलेली. त्या सुमारास काकूंना धाप लागायला लागली, म्हणून तारखेच्या आधीच त्यांना नागपूरला न्यायचं ठरलं. मळणीवर माणसं होती, काका मागे राहिले. तशा अवस्थेतही काकूंनी हट्ट धरला — लेकीकडे चाललो आणि रिकाम्या हातानं? त्या बॅटरीमुळे डिक्की एवढीशी. पोतं तिथे मावेना. मिलिंदनं ते मागच्या सीटवर ठेवलं आणि आईला पुढे बसवलं.

फाटक बंद होतं. गाडी थांबली, इंजन बंद झालं. आगगाडी गेली, फाटक उघडलं, मागच्या ट्रकांचे हॉर्न सुरू झाले, आणि गाडी काही सुरू होईना. मिलिंद बटण दाबत राहिला. काकूंची धाप वाढत चालली. शेवटी लोकांनी गाडी ढकलून कडेला घेतली. भरलेली एक काळीपिवळी रिकामी करून त्यात काकूंना घातलं. साकोलीचा दवाखाना येण्याआधीच त्या गेल्या.

दवाखान्यात वेळेवर पोचल्या असत्या तर वाचल्या असत्या का? मला माहीत नाही. या प्रश्नाच्या आडोशाला मी पुष्कळ दिवस लपलो आहे, म्हणून आज तो बाजूला ठेवतो.

गाडी ओढून माझ्याकडे आणली गेली. पोतं अजून आतच होतं. डाव्या बाजूला, आणि मिलिंदनं त्याला सीटबेल्टसुद्धा लावला होता. मी स्वतः ते उतरवलं. जाळी उजव्या बाजूला होती. तिच्यासमोर काहीच नव्हतं. सीट काढून पंखा बाहेर घेतला तर त्यात कोंडा बसलेला, काळा पडलेला, नखानंही निघेना. मिलचा कोंडा, शेठजींच्या वेळचा. मी तो एकट्यानं बघितला आणि एकट्यानंच साफ केला. गाडी काकांकडे आल्यापासून जे काम केलं नव्हतं, ते त्या दिवशी अगदी मन लावून केलं.

पण मी कबुली द्यायला बसलो आहे ती याची नाही. म्हणजे, याचीही आहे. पण खरी पुढे आहे.

काकूंच्या जलदान विधीला सगळा गोतावळा जमला होता. भंतेजींची वंदना झाली, जेवणं व्हायची होती. काका भिंतीला टेकून बसले होते, मिलिंद पाणी वाढत होता. कोणीतरी मला हटकलं, “तू त मिस्त्री आहेस ना गा, काऊन बंद पडली गाडी?” सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. काकांचीही. मी काय म्हणू शकलो असतो? काहीही. ‘यंत्र आहे, पडतं बंद’ एवढं म्हणून सुटलो असतो. कोणी पुढे विचारलं नसतं. पण मला भीती वाटली, की नाव माझ्यावरच येईल. मी बोललो.

“मांगच्या सीटवर पोतं कायले ठेवलं? तिथूनच त बॅटरीले हवा जाते. तेच बुजलं.”

मिलिंदच्या हातात तांब्या होता. तो म्हणाला, “मायनंच ठेवाले सांगतलं होतं.” आवाज इतका लहान, की जवळच्यांनाच ऐकू गेला असेल. काकांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. मी हे समोर बसून बघितलं. अजूनही वेळ होती. तोंड उघडायचा अवकाश होता. मी उठलो आणि जेवायला बसलो.

काका त्यानंतर मिलिंदशी बोलले नाहीत. एकाच घरात राहून नाहीत. जेवण सून वाढायची, निरोप सून द्यायची. आजारी पडल्यावर औषध मिलिंदच्या हातून घेत नसत. मी भेटायला गेलो की मात्र मला जवळ बसवून घ्यायचे, वडिलांच्या आठवणी काढायचे. मीही बसायचो.

मिलिंदनं पुन्हा गाडी घेतली नाही. नवे तांदूळ निघाले की तो सौंदड स्टेशनवर पोतं खांद्यावर टाकून गाडीत चढतो, गोंदियाला बदलून नागपूरला जातो, आणि जागा मिळाली तरी पोतं सीटवर ठेवत नाही. मांडीवर घेऊन बसतो. एकदा मी त्याच डब्यात होतो. मांडी अवघडली म्हणून पाय हलवत होता, पण बाजूची सीट रिकामीच ठेवली त्यानं.

काका गेले तेव्हा स्मशानातून परतताना तो माझ्याजवळ आला. दोन्ही हातांनी माझा हात धरला. म्हणाला, “दादा, तवा तुमीच एकटे खरं बोलले. बाकी सारे माहं मन राखत होते.”

मी म्हटलं, “होते गा असं कधी कधी.” आणि त्यानं सोडेपर्यंत माझा हात त्याच्या हातात राहू दिला.