चार ब्लाउजांचा खड्डा

माझ्या नवऱ्यानं निवृत्तीनंतर एक खड्डा भाड्यानं घेतला. शेत नाही, प्लॉट नाही, दुकानाचा गाळा नाही. खड्डा. कुणाला सांगितलं की लोक आधी "काय?" म्हणतात, मग माझ्या तोंडाकडं बघतात, आणि मग विषय बदलतात.

आमचं घर सावली नावाच्या गावात. हे तीस वर्षं बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कधी लागली, कधी सुटली हे वहीत लिहायचं आणि भोंग्यावर ओरडायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर पहिले दोन महिने त्यांनी घरातच वेळापत्रक चालवलं. चहा ठेवला की, "आज सात मिनिटं लेट हाये," असं खुर्चीतून जाहीर व्हायचं. मी घरीच ब्लाउज शिवते. दिवसभर समोर मशीन आणि पाठीमागं नियंत्रक. मग एक दिवस त्यांनी हातभर लांब लेन्सचा एक जुना कॅमेरा विकत आणला आणि ते बदकांच्या मागं लागले. मी मनातल्या मनात देवापुढं नारळ फोडला.

हिवाळ्यात आमच्याकडच्या तलावांवर बदकं उतरतात. पण बदक माणसाला बरोबर ओळखतं. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माणूस उभा दिसला की सगळा थवा सरकत सरकत तलावाच्या मधोमध जातो. ह्यांच्या फोटोत नुसतं पाणी दिसायचं आणि पाण्यावर ठिपके.

"हे काय आहे? तीळ सांडले का?" मी विचारलं.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "लपून बसाले जागा पाह्यजे."

जागा माझ्या गिऱ्हाइकाकडं निघाली. सावलीपासून थोड्या अंतरावरच्या गावात एक शेतकरीण आहे, माझ्याच वयाची. तिच्या मुलीच्या लग्नातले सगळे ब्लाउज मीच शिवलेले. तिच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली वावरं, तलावाला अगदी खेटून आहेत, आणि शेवटच्या बांधीच्या कोपऱ्यात कमरेएवढा एक खड्डा आहे. तो तिच्या सासऱ्यानं खणला होता, रानडुकरांवर नजर ठेवायला. बाकीचे लोक त्यासाठी मचाण बांधतात. सासऱ्याचं म्हणणं असं की वर मचाण बांधायला लाकूड लागतं, खाली बांधायला काहीच लागत नाही.

आम्ही दोघं तिच्या अंगणात बसलो. ह्यांनी आपलं काम सांगितलं.

"बदकं मारून राह्यले का भाऊ तुमी?" तिनं विचारलं.

"नाई, नाई. फोटो काढतो."

"फोटो काढून मंग मारता?"

"मारतच नाई."

"मंग खाता काय?"

"घरी वरण-भात खातेत ना बाई," मी म्हटलं.

तिनं ह्यांच्याकडं बघितलं. आजारी माणसाकडं बघतात तसं बघितलं. मग म्हणाली, "बसा बापा. खड्डा काही पळून नाई जात. पन पैसे नोको. खड्ड्याचे पैसे घेतले त गाव हासन माह्यावर." थोडा वेळ ती माझ्या पदराखालच्या ब्लाउजाच्या बाहीकडं बघत राहिली. "तू मले चार ब्लाउज शिवून दे बाई. अस्तरवाले."

"मंजूर," हे म्हणाले. माझ्याकडं वळूनसुद्धा न बघता.

खड्डा ह्यांचा आणि शिलाई माझी, असा तो व्यवहार झाला. तरी ह्यांचं समाधान होईना. ज्या माणसानं आयुष्यभर गाडीच्या पंक्चरची सुद्धा नोंद ठेवली, त्याला तोंडी व्यवहार कसा चालेल? त्यांनी स्टॅम्पपेपर आणला आणि स्वतःच्या हातानं भाडेपत्र लिहिलं. त्यात खड्ड्याच्या चतुःसीमा होत्या. पूर्वेस तलाव. पश्चिमेस लाखोरी डाळीची बांधी. उत्तरेस मोहाचं झाड. दक्षिणेस चिखल.

शेतकरणीनं ते नातवाकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "चिखल त चारी बाजूनं आहे. आन एक लिवा याच्यात. दिवस चांगला वर आल्याबिगर खड्ड्यात उतराचं नाई."

"पन बाई, बदकं त पहाटेच..."

"वाघाले तुमचा कागद वाचता नाई येत, भाऊ."

ते कलम हे मुकाट्यानं लिहून घेऊन आले.

पहिल्या दिवशी मीही सोबत गेले. लेन्सवर घालायला ह्यांनी माझ्याकडून मातकट अस्तराची खोळ शिवून घेतली होती, ती बरोबर बसते का हे बघायचं होतं. खड्ड्यावर तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, छप्पर टाकलं होतं. दिवस वर आला, तसे हे कॅमेरा गळ्यात आणि प्लॅस्टिकचं स्टूल हातात घेऊन आत उतरले. मी मोहाखाली उभी होते.

धानाची कापणी झाली तरी त्या बांधीतलं पाणी जिरलेलं नव्हतं. खड्ड्याच्या तळाशी वीतभर गारा, म्हणजे चिकट चिखल होता. आमच्याकडचा गारा म्हणजे पायातली चप्पल घेतो आणि परत देत नाही. ह्यांनी स्टूल ठेवलं आणि त्यावर बसले. स्टुलाचे चारही पाय एकदम खाली गेले. मग बसायची फळी गेली. मला मोहाखालून एवढंच दिसत होतं की ह्यांचं डोकं छपराखाली हळूहळू उतरतंय, पाणबुडीसारखं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. दहा पावलांवरून त्यांनी मला फोन लावला होता.

"ऐक," ते कुजबुजले. "बदकं आली आहेत. एकदम समोर."

"मग काढा की फोटो."

"हात नाई निघून राह्यला."

"कुठून?"

"मांडीखालून."

शेवटी मी शेतकरणीला हाक मारली. ती बैलाचा कासरा घेऊन आली. तिनं तो ह्यांच्या काखेतून घातला, आम्ही दोघींनी ओढला, आणि हे दोन्ही हातांनी कॅमेरा डोक्यावर धरून बाहेर आले. स्टूल आलं नाही. ते अजून तिथंच आहे. उजवा गुडघा मात्र त्या ओढाओढीत पिरगळला. डॉक्टरांनी तीन आठवडे खाटेवर राहायला सांगितलं.

आता माझी गोष्ट सुरू होते. त्याच आठवड्यात मी ते चार ब्लाउज शिवून दिले होते. अस्तर, पायपिंग, मागं लटकन, सगळं. रात्र रात्र बसून केलेली शिलाई, आणि खड्डा रिकामा. मला ते सहन होईना. एखादी खोली भाड्यानं घ्यावी आणि कुलूप लावून ठेवावी, तसं वाटायला लागलं.

"मी जाते," मी म्हटलं.

"तुले कॅमेरा येतो का?"

"तुमाले खड्डा येत होता का?"

त्यांनी मला खाटेवरूनच दोन दिवस प्रशिक्षण दिलं. बटण हलकं दाबायचं. श्वास रोखायचा. आले किती, गेले किती, वेळेसकट लिहायचं. मी शेतकरणीकडून एक जाड फळी मागून घेतली, खड्ड्यात आडवी टाकली, वर पोतं अंथरलं आणि बसले. हातशिलाईचं काम सोबत नेलं होतं, कारण नुसतं बसायची मला सवय नाही.

पहिली पाच मिनिटं मी वाट बघत होते. बदकांची नाही. कुणीतरी हाक मारेल याची. गिऱ्हाईक, दूधवाला, हे. कुणी हाक मारली नाही. समोर छपराच्या फटीतून पाणी दिसत होतं. तुरपाई झाली एका ब्लाउजाची. मग शीळ ऐकू आली, बारीक, आणि दहा-बारा अडया पाण्यावरून चालत आल्यासारख्या माझ्यासमोर येऊन थांबल्या. अडई हे आमचं घरचंच बदक, तपकिरी, काही फार देखणं नाही. पण एकीनं मान वळवून पाठीची पिसं चोचीनं सारखी केली, आणि मला वाटलं, अगदी चुण्या नीट करून राह्यली ही.

मी श्वास रोखला. कॅमेरा उचलला. आणि फोन वाजला.

"आले का?" ह्यांचा आवाज.

"गेले," मी म्हटलं.

त्या दिवशी फोन अकरा वेळा वाजला. दुसऱ्या दिवशी मी तो घरीच, डाळीच्या डब्यात ठेवून गेले. ह्यांना तो घरातच वाजलेला ऐकू आला, पण खाटेवरून उठता येत नव्हतं.

मी रोज जायला लागले. सकाळी भाजी-भात करून, ह्यांचं पाणी खाटेजवळ ठेवून, ओळखीच्या पोराच्या ऑटोनं. दुपारपर्यंत परत. शिलाईचं काम कमी झालं नाही, उलट तुरपाई-काजं सगळी खड्ड्यात व्हायला लागले. फोटोही काढले. बहुतेकांत बदकांची पाठ आली, काहींत शेतकरणीची म्हैस. ह्यांनी एकेक बघून निर्णय दिला, "ही म्हैस साफ आली आहे."

एका सकाळी मी काज करत बसले होते. लेन्स खोळीत घालून छपराच्या फटीतून बाहेर काढून ठेवली होती. पाळीवरून आवाज आला.

"हात वर करा!"

मी हात वर केले. एका हातात सुई, दुसऱ्यात मोरपंखी रंगाचा ब्लाउज.

वनरक्षक होता, तिशीतला पोरगा. त्याला कुणीतरी कळवलं होतं की तलावाकाठी खड्ड्यात लपून बदकांची शिकार चालली आहे, बंदूक तणसातून बाहेर आलेली दिसते. तो माझ्याकडं बघत राहिला.

"तुमी एकट्याच आहा?"

"हो."

"बंदूक कुठी आहे?"

मी खोळ काढून लेन्स दाखवली. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि थोडी निराशाही. मी स्टॅम्पपेपरची प्रत दाखवली, पिशवीतच असायची. त्यानं चतुःसीमा दोनदा वाचल्या. "दक्षिणेस चिखल," तो हळूच म्हणाला, आणि ओठ आवळून धरले.

"हासा, हासा," मी म्हटलं. "मीबी हासली होती."

मग तो म्हणाला, "बघू का जरा?" आणि खाली उतरला. फळीवर मी सरकून जागा दिली. लांब शेपटीची तलवार बदकं त्या दिवशी चांगली जवळ होती. त्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. "चार वर्षं झाली इथी येऊन," तो म्हणाला. "मोजणी दरवर्षी करतो. पन बदकाचा डोळा आजच पाह्यला." तेवढ्यात त्याच्या कमरेचा वायरलेस खरखरला आणि सगळी बदकं उडाली. मी त्याला रागावले. साहेब वगैरे काही मनात न आणता, पोटच्या पोराला रागवावं तसं रागावले. तो मान खाली घालून बसला. जाताना मला त्याच्या शर्टाची बाही उसवलेली दिसली. म्हटलं, थांब, आणि अंगावरच दोन टाके घालून दिले.

तीन आठवडे झाले. ह्यांचा गुडघा बरा झाला, आणि एका सकाळी ते बूट घालून माझ्याआधी दारात उभे राहिले.

मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. माझी फळी, माझं पोतं, माझी फट. पण नवरा आहे, खड्डाही त्यांच्याच नावावर आहे. दोघं मिळून बसलो. फळीवर दोघांची जागा म्हणजे बसमधल्या दोनाच्या सीटवर तिघं.

"आता समोरून येतीन," हे सुरू झाले. "तू डावीकडं पाह्य. मी उजवीकडं—"

"बोलू नोका."

"मी हळूच बोलून राह्यलो."

"हळूबी नाई."

आणि ते खरंच गप्प बसले. पंधरा मिनिटं. अर्धा तास. छत्तीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं. मी एकदा वळून बघितलं. कॅमेरा मांडीवर, मान भिंतीला टेकलेली, तोंड उघडं. झोपले होते. मग घोरायला लागले.

मला वाटलं, संपलं. पण बदकांना घोरण्याचं काहीच वाटलं नाही. ती येत राहिली. अडया आल्या, तलवार बदकं आली, आणखी कुठली तरी आली जी मी आधी कधी पाहिली नव्हती, डोक्यावर तांबूस, पंखात हिरवी पट्टी. ह्यांचं घोरणं चढत होतं, उतरत होतं, आणि त्या तालावर ती सगळी पाण्यात डुलत होती. मी त्यांच्या मांडीवरून अलगद कॅमेरा उचलला आणि फोटो काढत राहिले. त्यांना उठवावं असं एकदा मनात आलं. मग नाही उठवलं.

अचानक मागून डबे वाजायला लागले. पत्र्याचे डबे, आरडाओरडा, काठ्यांचा आवाज. "हाऽऽ! हो हो हो!" शेतकरीण पुढं आणि बाजूच्या बांधीतली दोन माणसं मागं, लाखोरीतून धावत येत होते.

सगळा तलाव एकदम उठला. एवढी बदकं तिथं होती हे मलाही माहीत नव्हतं. पंखांचा आवाज असा झाला की ह्यांना जाग आली. ते उभे राहिले, छप्पर डोक्यानं वर उचललं गेलं, आणि तणसाचा टोप घालून ते वर बघत राहिले. थवा आमच्यावरून गेला, इतक्या खालून की अंगावर पाण्याचे थेंब पडले.

शेतकरीण काठी घेऊन खड्ड्याच्या काठावर येऊन थांबली. तिनं ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"भाऊ होते का?" ती धापा टाकत म्हणाली. "मले वाटलं डुक्कर शिरलं लाखोरीत."

तिच्या मागचे दोघे बांधीत बसून हसायला लागले. ह्यांचं लक्षच नव्हतं. ते अजून वरच बघत होते, जिकडं थवा वैनगंगेच्या बाजूला वळला होता तिकडं.

"किती असतीन गं?" त्यांनी मला विचारलं. कॅमेरा माझ्या हातात होता आणि त्या उडण्याचा एकही फोटो मी काढला नव्हता.

"मोजले नाई," मी म्हटलं.

"मीबी नाई मोजले," ते म्हणाले, आणि शेतकरणीनं पुढं केलेली काठी धरून खड्ड्यातून वर चढले.