आवळ्याला सोबत लागते

धुळाप्पा गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. माघ संपत आला होता. जळकोटच्या रानात मी ठिबकच्या नळ्या तपासत होते, तेवढ्यात त्यांच्या वाडीवरचा दूधवाला रस्त्यानं चालला होता, त्यानं मला बघून गाडी थांबवली. "आप्पा गेले बगा सोमवारी. मेंढरं कोंडली, पानी मागितलं, आन् बसल्या जागीच..." मी नळी हातात धरून तशीच उभी राहिले. तीस वर्षं उमरग्याला नर्स म्हणून नोकरी केली. माणूस गेल्याचं घरच्यांना सांगायचं काम बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला यायचं. पण ऐकणाऱ्यानं काय म्हणायचं असतं, ते त्या दिवशी मला सुचेना.

धुळाप्पा धनगर. माझ्या वडिलांच्या काळापासून सुगी झाली की ते आमच्या रानात मेंढरं बसवायला यायचे. लेंडीखत रानाला मिळायचं आणि मेंढरांना चार दिवस धसकटं. वडील गेल्यावर वाटणीत मला अडीच एकर आलं, तेव्हा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ म्हणाला, तू नोकरीवर, तुला कशाला व्याप, मी सोयाबीन पेरतो. मी ऐकलं नाही. रान माझ्या नावावर होतं आणि त्यात माझंच काहीतरी उभं राहावं असं मला वाटत होतं. मी आवळा लावला. रोपवाटिकेतल्या माणसानं एका जातीचं फार कौतुक केलं, मोठं फळ, सगळी झाडं एकदम काढणीला येतात. मी सगळी कलमं त्याच एका जातीची घेतली. दर शनिवारी संध्याकाळची एसटी पकडून मी रानात यायचे. गावातले लोक जाता-येता बांधावर थांबून बघायचे, बाईचं रान कसं चाललंय ते.

बांधावर एक जुनं गावठी आवळ्याचं झाड होतं. फळ आलंच तर बोराएवढं, तोंड वाकडं करणारं. चौथ्या वर्षी माझी बाग फुलली, पण आवळे आले ते बांधाजवळच्या पाच-सहा झाडांना तेवढे, बाकीची रिकामी. झाडं लहान आहेत, पुढं येतील, असं मी समजले. त्याच उन्हाळ्यात मी तारेचं कुंपण घालायला काढलं आणि ते जुनं झाड नेमकं तारेच्या आड येऊ लागलं. धुळाप्पा तेव्हा तिथंच होते. "ताई, त्याला ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "तार वळवून घ्या." मी त्या वेळी वॉर्डाची प्रमुख झाले होते, आणि वॉर्डातला आवाज माझ्याबरोबर रानातही यायचा. मी म्हणाले, "आप्पा, तुम्ही मेंढरांचं बघा." त्यांनी काठी उचलली आणि मेंढरांकडं गेले. दोन दिवसांनी झाड पडलं.

पुढच्या वर्षी सबंध बाग फुलली. आवळ्याचं फूल ते काय, पानांखाली हिरवट पिवळे कण, पण मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. आणि फळ एक नाही. बांधाजवळच्या झाडांनाही नाही. मी खत वाढवलं, फवारण्या केल्या, माती तपासून आणली. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. दादा वाईट माणूस नाही, पण तोही एक दिवस म्हणालाच, "वांझ झाडं आहेत ती. काढून टाकू, मी रान नीट करून देतो." मला दुसरा रस्ता दिसत नव्हता. मी हो म्हणाले आणि पुढच्या आठवड्यात जेसीबी यायचा ठरला.

फाल्गुन होता, झाडं पुन्हा फुलली होती. धुळाप्पांना कुठून कळलं कोण जाणे, ते सकाळीच आले. मेंढरं नव्हती, एकटेच. बराच वेळ झाडांमधून हिंडले, मग माझ्यासमोर येऊन बसले.

"एवढा बहार जाऊ द्या, ताई. मग काय करायचं ते करा."

मी विचारलं, आता काय वेगळं होणार आहे?

"एकटं आवळ्याचं झाड फुलतंय लई, पर धरत न्हाय. त्याला सोबत लागती. आन् सोबत बी परक्याची. ही समदी एकाच घरची हायेत." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "बांदावरचं व्हतं तवा ह्या कडंला धरत व्हतं."

त्यांनी तेवढंच म्हटलं... मला मात्र तोडलेलं झाड दिसत राहिलं.

मी जेसीबी रद्द केला. दुसऱ्या दिवशी धुळाप्पा खांद्यावर ओल्या पोत्यात गुंडाळलेला फांद्यांचा भारा घेऊन आले. गावठी आवळ्याच्या, फुलांनी भरलेल्या. तेलाचे रिकामे डबे आम्ही पाण्यानं भरले, त्यात फांद्या खोचल्या आणि दर चार-पाच झाडांमागे एक डबा टांगला. दादा बघून हसला. मी रजा टाकली आणि रोज डब्यांतलं पाणी बदलत राहिले. धुळाप्पांनी बहार संपेपर्यंत दोनदा ताज्या फांद्या आणल्या. आवळ्याचं धरलेलं फळ पाऊस पडेपर्यंत डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळं चार महिने आम्ही नुसती वाट बघितली. श्रावणात एका शनिवारी मी फांदी उलटी केली, तर देठाशी हिरवे मणी ओळीनं बसलेले. पुढच्या झाडाला तेच, त्याच्या पुढच्याही. मी भर रानात रडले.

धुळाप्पा आले तेव्हा मी त्यांना झाडं दाखवली आणि म्हणाले, "आप्पा, त्या दिवशी मी तुमचं ऐकायला हवं होतं." त्यांनी एक आवळा बोटांनी चाचपला. "झाड तुमचं व्हतं, ताई," एवढंच म्हणाले. माफ केलं असंही त्यात नव्हतं आणि दोष दिला असंही नव्हतं.

नंतर शेतीखात्यातल्या एका साहेबांनी मला सगळं समजावून सांगितलं. एका जातीची सगळी कलमं म्हणजे खरं तर एकच झाड, आणि काही झाडांना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या जातीचाच लागतो. परदेशात ऑलिव्हच्या बागा असतात, त्यातही बहुतेक जातींचं असंच, म्हणून तिथं दोन-तीन जाती मिसळून लावतात. धुळाप्पांना हे पुस्तकातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडून मी त्याच गावठी झाडाच्या काड्या मागून घेतल्या आणि बागेत अधूनमधून एकेका झाडावर त्यांची कलमं बांधून घेतली. त्या फांद्या आता बागेतच फुलतात, डबे टांगावे लागत नाहीत. ते झाड आहे कुठं, हे मात्र मी त्यांना कधी विचारलं नाही. डोंगरात असेल कुठंतरी, असंच धरून चालले.

ते गेल्यावर मी वाडीवर भेटायला गेले. त्यांच्या पत्नी हौसाबाई अंगणात बसल्या होत्या. त्यांच्या डोक्यावर सावली होती ती आवळ्याची. मी वर बघत राहिले, तशा त्या म्हणाल्या, "ह्याच्याच फांद्या न्यायचे तुमच्याकडं. लगीन करून आले तवापासनं बगते, फुलतंय, पर एक आवळा न्हाय लागला. सोबतच न्हाय त्याला हितं." मी म्हणाले, मग माझ्या बागेतली एक फांदी आणून टांगायची की... "म्या बी तेच म्हनलं," हौसाबाई म्हणाल्या. "तर ह्ये म्हनले, मागायचं कसं?"

मला त्यांच्याकडं बघता येईना.

पंधरा दिवसांपूर्वी झाड फुललं तसा हौसाबाईंनी निरोप धाडला. मी बागेतल्या फुललेल्या फांद्या ओल्या पोत्यात गुंडाळून वाडीवर नेल्या. डबा हौसाबाईंनीच शोधून दिला आणि फांदी कुठल्या बाजूला टांगायची तेही त्यांनीच सांगितलं. रोज पाणी बदलतात, फांदी सुकली की मला फोन करतात. धरलंय की नाही, हे आत्ता कुणालाच सांगता येणार नाही. श्रावणात बघायला जायचं आम्ही दोघींनी ठरवलं आहे.