बेंझिनमधला तारा

कचेरीत कोणीही कागद दिला की आमचे हेडक्लार्क माने आधी तो खिडकीच्या उजेडाला धरत. मजकूर नंतर. शिपाई तुकारामने आजारपणाचा दाखला आणला, तोही त्यांनी असाच धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्यात ताप कुठं दिसंना गड्या." दोघं-तिघं हसले. तुकाराम भिंतीला टेकून उभा होता.

ही सवय तिकिटांची. सांगलीत मानेंचा पोस्टाच्या तिकिटांचा संग्रह नावाजलेला होता. जुन्या तिकिटांच्या कागदात छुपी खूण असते. जलचिन्ह म्हणतात तिला. कुठे तारे, कुठे अशोकस्तंभ. ती बघायला मानेंच्या खणात काळी बशी, चिमटा आणि बेंझिनची बाटली असे. तिकीट पालथं बशीत ठेवून थेंब टाकले की खूण गडद होऊन उठायची; बेंझिन उडालं की नाहीशी व्हायची. जेवणाच्या सुट्टीत कचेरीभर तो वास. "तोंडावर जाऊ नका, पोटात काय हाय ते बघा," हे त्यांचं वचन. तिकिटांपुरतं ते ठीक होतं. ते माणसांनाही लावत, आणि माणसाच्या पोटात त्यांना कायम लबाडीच सापडे.

माझा थोरला भाऊ फौजेत होता. शांततेच्या कामावर व्हिएतनामला गेला, तिथून पत्रं पाठवायचा. तिकीट आपलंच, भारताच्या नकाशाचं. वर तिथलं नाव छापलेलं. पुढे तो लढाईत मारला गेला. हे मी एकदा बोलून गेले आणि माने मागे लागले. "बाई, त्यात तारा हाय का खांब, तेवढं बघू द्या." मी दर वेळी नाही म्हटलं.

एका रविवारी साताऱ्याला जाताना ते थेट उंब्रजला, माझ्या आईकडे उतरले. मी तिथेच होते. लेकीचे साहेब आले म्हणून आईने ट्रंकेतून लिफाफा काढून दिला. बाकी पत्रं वाळवीने खाल्ली होती. दादाच्या हाताचा पत्ता असलेला हा एवढाच उरला होता. आईला वाचता येत नव्हतं. ती त्या अक्षरांवरून नुसतं बोट फिरवायची.

मी आत चहा ठेवत होते. मानेंनी परातीत पाणी मागितलं. हात धुवायचे असतील, असं आईला वाटलं. तिकीट सुटावं म्हणून त्यांनी अख्खा लिफाफाच त्यात बुडवला.

"आवं आवं सायेब, पोराचं अक्षर हाय त्ये!"

मी बाहेर आले तेव्हा पाणी निळं झालं होतं.

"घाबरू नका आई, तिकीट शाबूत हाय."

"लिफाफ्याचा तेवढा कोपरा कापून घ्यायचा होता," मी म्हटलं. शिवणयंत्रावर कात्री समोरच होती.

"कात्रीनं तिकिटाच्या कडंचे दाते तुटत्यात, बाई."

तिकीट सुकेपर्यंत ते थांबले. मग पिशवीतून बशी काढली, थेंब टाकले. "बघा आई, तारा!"

आई वाकली. तारा खरंच होता. ती बघत असतानाच तो फिका झाला.

"गेला की."

"जाणारच. पुन्हा चार थेंब टाकले की येतोय."

"आन् अक्षर? त्याला किती थेंब लागत्यात?"

माने बशी पुसू लागले. "पत्ता काय, बाई काढून देतील."

"साताऱ्याची एसटी फाट्यावर मिळेल," मी म्हटलं. "तिकीट खाली ठेवा आणि निघा." चहा मी मोरीत ओतला.

माने वारले तेव्हा कचेरीतले सगळे त्यांच्या घरी जाऊन आले. मी गेले नाही. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. त्यांच्या जाणकारीबद्दल लोक बोलतातच. मी त्या संध्याकाळचं सांगते.

आईने तो कोरा झालेला लिफाफा चुलीच्या उबेला वाळवला, माझ्यापुढे ठेवला आणि पेन दिलं. "काढ." मी उंब्रज लिहिलं. तिने बोट फिरवलं.

"न्हाई गं. त्याच्या ह्या पयल्या अक्षराची शेपटी लांब व्हती."

मी बाजूला पुन्हा लिहिलं, शेपटी ओढून.

"एवढी न्हाई," आई म्हणाली. "पुन्यांदा काढ."