कोरे सरांचा गल्लीतला शस्त्रकरार

प्रा. नागनाथ कोरे सरांची आणि माझी पहिली भेट सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या वर्गात झाली. सर शस्त्रव्यापाराचे अर्थशास्त्र शिकवत होते आणि मी मागच्या बाकावर शेंगा खात होतो. "खा," सर म्हणाले, "पण शेजाऱ्याला दाखवून खाऊ नकोस. उद्या तो दुप्पट आणेल, परवा तू चौपट. यालाच शस्त्रस्पर्धा म्हणतात." पुढे मी त्यांच्याच विभागात शिकवू लागलो. शेंगांचे ते उदाहरण माझ्या वर्गात अजून चालते.

सरांची खरी परीक्षा मात्र त्यांच्या गल्लीने घेतली. घराच्या दोन बाजूंना दोन गणपती मंडळे. एकाने मिरवणुकीला डॉल्बी लावली की दुसरे त्याहून मोठी लावणार. त्या वर्षी सरांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, यांच्या हृदयाचे ऑपरेशन झाले होते आणि डॉक्टरांनी मोठा आवाज वर्ज्य सांगितला होता. सरांनी त्यांना अकलूजला भावाकडे पाठवायचे ठरवले, तर काकू उसळल्या, "भांडण त्यांचं आणि निर्वासित मी? मी कुटं न्हाय जायची!"

मग सर स्वतः मध्यस्थीला निघाले. सरांना खोटे बोलता येत नाही, हे आपण सारे जाणताच. त्यांनी प्रत्येक मंडळाला समोरच्याची तयारी खरी खरी सांगून टाकली. संध्याकाळपर्यंत दोघांनीही आणखी डॉल्बी सांगून ठेवली. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेवटी सरांनी साउंडवाल्या मल्लूअण्णांना गाठले. "अण्णा, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे?"

"कुणाच्याबी न्हाय की, सर. दोगंबी माजीच गिऱ्हाइकं. ह्यानं वाडवलं की मी त्याला फोन करतो."

सरांचा चेहरा उजळला. जन्मभर पुस्तकातून शिकवलेला शस्त्रविक्रेता समोर उभा होता! त्यांनी अण्णांना तिथल्या तिथे जेवायचे आमंत्रण दिले, आणि त्याच पंगतीला दोन्ही मंडळांच्या अध्यक्षांनाही.

कडक भाकरी वाढता वाढता काकूंनी सहज विचारले, "अण्णा, तुमी फोन कुणाकुणाला करता म्हणं?" अण्णांना असा ठसका लागला की दोन्ही अध्यक्षांनी मिळून त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. अण्णांचा खेळ दोघांच्याही लक्षात आला, आणि हात धुवायच्या आत करार झाला: डॉल्बी बंद, फक्त लेझीम, आणि एकाच्या मिरवणुकीत दुसऱ्याचे दोन निरीक्षक. विसर्जनाला काकू गॅलरीत उभ्या राहून लेझीम बघत होत्या.

आता अण्णा दोघांना लेझीम पुरवतात, आणि फोनही दोघांना करतात. त्यामुळे करार दर वर्षी त्याच पंगतीत नव्याने करावा लागतो. सर, मंडळांचा एकमेकांवर आजही विश्वास नाही. तुमच्यावर आणि काकूंच्या भाकरीवर आहे. या पंचाहत्तरीला एवढेच मागणे, की आपण उभयतांनी ठणठणीत राहून शंभरी गाठावी, आणि दर गणपतीला अण्णांना असाच ठसका लागत राहावा.