चौकोनी कंसातले आप्पा

आमचे आप्पा शेतात भाजीपाला पिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. शिल्लक पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. त्यामुळे इतिहासाच्या वर्गातून आम्हाला नाशिकच्या एका जुन्या ग्रंथालयात जुन्या कागदांच्या नोंदी करायला इंटर्नशिपवर पाठवलं आणि माझ्या वाट्याला पत्रकांची पेटी आली, तेव्हा मला वाटलं, इतिहासाने योग्य माणूस निवडला.

ग्रंथालयाच्या मॅडमनी माझी पहिली नोंद वाचली : 'शेतकऱ्यांच्या घामावर पोसलेल्या दलालशाहीला सणसणीत चपराक देणारे पत्रक.'

"चपराक कुणाला बसली ते वाचणारा बघेल. तू पानं किती, कागद कसला आणि लिहिलं कुणी, एवढंच लिही."

मी तोंडी निषेध नोंदवून चपराक खोडली.

पण लिहिलं कुणी? पत्रकाखाली सही होती 'एक जागृत शेतकरी'. मार्केट यार्डातला एक आडत्या वजनात काटा मारतो, असा त्यात नावानिशी आरोप होता. तो आडत्या म्हणजे आज माझ्या ताईचे सासरे. आणि शेवटचं वाक्य, 'हा जनतेशी केलेला द्रोह आहे.' आमच्या घरात भाजी करपली तरी हेच वाक्य ऐकू येतं. मी व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"आप्पा, तुमचं पत्रक सापडलं! नाव लावते."

"माझं नाय ते."

"अहो, 'जनतेशी द्रोह'..."

"द्रोह काय मी एकटाच म्हणतो का? तुझी ताई त्या घरात नांदते. दिवाळीला मी त्यांच्या ताटाला ताट लावून जेवतो. गपचूप 'अज्ञात' लिही."

खरं बोलायला घाबरू नको म्हणून मला वाढवणारा माणूस अनारशांसाठी अज्ञात व्हायला निघाला होता. मी मॅडमना ठणकावून सांगितलं, नाव लागणारच.

"पुरावा?"

"मी त्यांची मुलगी आहे."

"मुलगी हा पुरावा नसतो. ही पेटी ग्रंथालयाला देणारे उद्या देणगीच्या कागदावर सही करायला येतायत, त्यांना विचार."

दुसऱ्या दिवशी पेटी देणारे आले. ताईचे सासरे! माझ्या तत्त्वांचं काय झालं माहीत नाही, पण माझं कोपर आपोआप पत्रकावर गेलं.

"कोपर काढ, पोरी. तुझ्या बापाचंच हाय ते. छापखाना माझ्या मावसभावाचा. छापू का, म्हणून आधी मला विचारायला आला. म्हटलं छाप, गिऱ्हाईक कशाला सोडतो? प्रूफ मीच तपासलं."

"आणि काका, तुम्ही हे जपून ठेवलंत?"

"माझ्यावर दुसऱ्या कुणी एवढं लिहिलंय का?"

"काटा खरंच मारायचात?"

त्यांनी एकदा मॅडमकडे बघितलं. "लय नाय."

"मग आमच्याच घरची मुलगी कशी केलीत?"

"व्याह्यावर कोणी पत्रक काढत नाय. लग्नापासून निघालंय का एक तरी?"

मॅडम म्हणाल्या, कागदावर नसलेलं नाव चौकोनी कंसात लिहायचं आणि ते कुणी सांगितलं याची टीप द्यायची. मी आप्पांचं नाव कंसात लिहिलं, टीप दिली आणि फोन करून त्यांना सगळं सांगितलं. काकांना राग नाही, ताईला धोका नाही, आता घाबरू नका.



"म्हणजे पोरगी करून घेऊन माझं तोंड बंद केलं त्यानं?"

"आप्पा, दिवाळीला तुम्ही..."

"दिवाळी गेली खड्ड्यात. येताना द्वारका चौकातून कागदाचं एक रीम घेऊन ये. आणि छापखाना दुसरा बघ."