लोरेंझोचं चर्च, सालेमची मशीद

आयर्लंडमधल्या ड्रोहेडाच्या इस्पितळात मेधा हृदयविकाराची डॉक्टर. नागपूरहून आली त्याला बरीच वर्षं झाली. पेशंटच्या वादात पडायचं नाही, हा तिचा शिरस्ता.

तिचा पेशंट लोरेंझो इटालियन, गावात त्याचं चिप्सचं दुकान. सत्तरीला टेकलेला, हृदय थकलेलं, पण गडी पलंगावर टिकेना. "मी ग्रँड आहे, एकदम ठणठणीत, घरी सोडा," हेच पालुपद. त्याला बोलतं ठेवावं म्हणून मेधाने मूळ गाव विचारलं, तर निघालं लिबियातलं त्रिपोली. इटलीचं राज्य असताना तिथे मोठं कॅथेड्रल बांधलेलं. लोरेंझोचा बाप्तिस्मा त्यातलाच. पुढे तो शाळकरी असताना नव्या सरकारने सगळ्या इटालियनांना देशाबाहेर काढलं आणि कॅथेड्रलची मशीद झाली.

"मी तिथेच नमाज शिकलो," मागून आवाज आला. तिचा सहकारी, डॉक्टर सालेम. तोही त्रिपोलीचा, हे मेधा विसरूनच गेली होती.

लोरेंझो ताडकन उठून बसला. "चोरलंत तुम्ही ते!"

"आणि जमीन कुणी चोरली होती? माझे पणजोबा तुमच्या छळछावणीत मेले!"

मॉनिटर केकाटायला लागला. मेधाने सालेमला हाताला धरून बाहेर काढलं. दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना. दोघांचंही खरं होतं, आणि नेमकं तेच तिला सोसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लोरेंझोने स्वतःच सालेमला बोलावलं. बाप्तिस्म्याचं कुंड होतं तिथे आता काय आहे, एवढंच त्याला विचारायचं होतं.

मेधाने सालेमला दारातच गाठलं. "काहीतरी बरं सांग रे."

"खोटं नाही सांगणार." तो आत गेला. "तिथे आम्ही चपला काढतो."

मेधाचा जीव मॉनिटरवर टांगलेला. "आई तिथेच थांबवून माझे बूट पुसायची," लोरेंझो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. घरी जातानाही सालेमशी एक शब्द बोलला नाही.

महिन्याभराने मेधा गाडीने त्याच्या दुकानावरून जात होती. काचेतून सालेम आणि लोरेंझो दिसले, दोघांचेही हात हवेत. भांडताहेत की काय! गाडी कशीबशी लावून ती धावतच आत शिरली.

"मनोऱ्यात घंटा किती होत्या, त्यावरून चाललंय," सालेम म्हणाला.

"बसा डॉक्टर, चिप्स आणतो," लोरेंझो म्हणाला. "पण हा साफ चुकतोय."

मेधा बसली खरी, पर्स मात्र मांडीवरच घट्ट धरून.