सायलेन्सरच्या बोल्टाची तार मी काढली नाही

रिमोटच्या गाड्या पळवणाऱ्या माझ्या दोस्तांनो, नमस्कार. दत्तूभाऊ, गुडघा वाकतोय का आता? शकीलभाई, मोतीबिंदू काढल्यावर नीट दिसतंय ना? सुमनताई, खोकला गेला का? मी ठणठणीत आहे.

आज सकाळी आष्टीच्या माळावर रिमोटच्या गाड्यांची शर्यत होती. माझी गाडी दोन हात लांब, पेट्रोलवर पळणारी. मागच्या दोन्ही शर्यतींत तिचा सायलेन्सर अर्ध्यातच गळून पडला. तो धरणाऱ्या दोन बोल्टांना गोंद लावला होता, पण इंजिन तापलं की तो ढिला पडायचा.

म्हणून या वेळी दोन्ही बोल्टांच्या डोक्यांना बारीक भोकं पाडली आणि स्टीलच्या तारेनं ते असे जखडले, की एक सुटायला लागला तर दुसरा आवळला जावा. इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेला, तिथंच हे शिकलो.

तपासणीला बसलेला गडी हसला. "काका, हे काय कुंपण घातलंय? तार काढा, मगच गाडी सोडतो."

"कावून काढू? नियमात कुठं लिहिलंय, दाखव."

"बरं दिसत न्हाई ते."

"लेका, गाडी पळवायला आणलीय, लग्नाला न्हाई. तार ऱ्हाईल, न्हाईतर मी हितंच बसतो."

आणि बसलोच, मांडी घालून. शेवटी त्यानं गाडी सोडली.

पाचवा नंबर आला. पण वीस मिनिटं पळूनही बोल्ट केसभर हलला नाही. चाचपताना बोट भाजलं, तेही गोड लागलं.

उद्या कुणी नियम दाखवला, तर मीच पक्कड घेऊन तार काढीन. नुसतं बरं दिसत नाही म्हणून मात्र काढणार नाही. माझं चुकलं का? तुम्ही तुमचे बोल्ट कशानं धरता? लवकर लिहा, वाट बघतोय.